हळदूच्या एक्कावन्न वाट्या

मी वाट्या करते. लाकडाच्या. मुठीत मावतील एवढ्या, गोल, आतून-बाहेरून गुळगुळीत. पांढुर्ण्यात हे सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या हातांकडे पाहतो, मग शेजारी उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याकडे पाहतो, अन् विचारतो, "म्हणजे विकत आणून विकता का?" नाही बापा. खरादीवर, त्या गरगर फिरणाऱ्या मशीनीवर, लाकूड लावते, पटाशी धरते अन् कोरते. "बाईमाणूस?" हाव, बाईमाणूस. त्रेसष्ट वर्षांची, चष्मेवाली, सौसरच्या एका सरकारी ऑफिसात आवक-जावक लिहून लिहून बोटं वाकडी झालेली बाईमाणूस. एवढं सगळं ऐकून झाल्यावर तो शेवटचा प्रश्न विचारतो, जो त्याला खरं तर पहिल्यापासून विचारायचा असतो. "आडनाव काय म्हणलं?"

आमच्या भागात आडनाव सांगितलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. कोणत्या वस्तीत राहता, घरात कोणाचा फोटो आहे, देवळात जाता की विहारात, सगळं त्यात येतं. माझं आडनाव ऐकून लोक "अच्छा अच्छा" म्हणतात. दोनदा. एकदा म्हणणाऱ्याला काही कळलेलं नसतं, दोनदा म्हणणाऱ्याला सगळं कळलेलं असतं. नोकरीत मी हे इतक्या वेळा ऐकलं की पुढे पुढे लोकांनी तोंड उघडायच्या आधीच मला आकडा कळायचा.

खरादीच्या नादी मी रिटायर झाल्यावर लागले. बाजाराच्या मागच्या गल्लीत एका बुढ्याचं दुकान आहे. दुकान कसलं, टिनाची खोली. आयुष्यभर त्यानं लाटणी, पाळण्याचे खांब अन् खाटेचे पाय उतरवले. आता खाटा गेल्या, पाळणे प्लास्टिकचे आले अन् लाटणी दहा दुकानांत टांगलेली मिळतात. त्यामुळं बुढा बहुतेक वेळ खरादीसमोर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला शिव्या देतो. मी गेले होते लाटण्याची मूठ बसवायला. तो तेव्हा हळदूचा एक ठोकळा उतरवत होता. हळदूचं लाकूड नावासारखंच पिवळं असतं. पटाशी टेकली की पिवळीधम्मक साल लांबच्या लांब सुटत जाते अन् पायाशी ढीग होतो. मी लाटणं विसरून अर्धा तास उभी राहिले.

"मले शिकवा ना, बाबा," मी म्हटलं.

त्यानं मला खालून वर पाहिलं. "बाई, ह्या मशीनीत पदर गेला तर पदरामागं तुम्ही जासान. मंग मी पोलिसाले काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी मी नवऱ्याची जुनी पॅन्ट अन् शर्ट घालून गेले. गल्लीतल्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. एकीनं विचारलं, "काय वो, नाटकात काम करून राहिल्या का?" मी म्हटलं, हाव, तिकीट काढून ये. बुढा हसला नाही. त्यानं माझ्या हातात पटाशी दिली अन् म्हणाला, "हे लिहायचं काम नोहे. दाबू नका. लाकडाले चावू द्या."

मी अर्थातच दाबलं. छत्तीस वर्षं कार्बन पेपरवर लिहिलेलं, तिसऱ्या प्रतीवर उमटायला पाहिजे म्हणून जीव खाऊन दाबायची सवय. माझी पहिली वाटी खरादीवरून सुटली, टिनावर आदळली अन् बाहेर रस्त्यावर जाऊन पडली. बुढा शांतपणे म्हणाला, "वाटी करायची असते. फेकायची नसते." दुसरी वाटी बुडातून आरपार गेली. "हे गाळणं झालं. चहा गाळा." असल्या आशीर्वादात मी शिकले. वर्ष गेलं त्यात. पण एक दिवस पटाशी अशी बसली की आवाजच बदलला, खरखर बंद होऊन सळसळ सुरू झाली, अन् बोटाखाली वाटीची कड गोल गोल फिरताना लागली. त्या दिवशी बुढ्यानं वाटी हातात घेतली, उजेडात धरली, अन् काहीच बोलला नाही. बुढा काही बोलला नाही म्हणजे काय ते ज्याला शिव्या बसल्या त्यालाच कळेल.

लाकूड मी आरामशीनीवरून, म्हणजे ओंडके कापतात तिथून आणते, तुकडे अन् बुंधे, जे ते लोक चुलीसाठी विकतात. हळदू पिवळा. बिजा लालसर तपकिरी. बाभळीचा गाभा गुलाबी. तेंदूच्या पोटात कधी कधी काळाकुट्ट पट्टा निघतो. म्हातारी झालेली संत्र्याची झाडं बागवाले तोडून टाकतात, त्याचंही लाकूड कडक अन् सायीच्या रंगाचं असतं. एवढे रंग आमच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या चुलीत घातले अन् वर भाकरी भाजली. बिजाला मात्र मान आहे, कारण बिजाच्या पेल्यातलं पाणी शुगरवर चालतं असं सगळ्यांनी ठरवलेलं आहे. सकाळी ते पाणी पितात अन् वरून जिलबी खातात.

लाकूड ओलं असताना वाटी पूर्ण करायची नसते. आधी जाड-जाड उतरवायची, मग तिच्याच भुशात पोत्यात घालून महिनोन्‌महिने विसरून जायचं. ती आतल्या आत वाळते, थोडी वाकडी होते, तिला काय व्हायचं ते होऊ द्यायचं. मग पुन्हा खरादीवर लावून बारीक करायची, घोटायची अन् जवसाचं तेल पाजायचं. घाई केली की तडकते. माणसांना हे सांगून समजत नाही, लाकडाला न सांगता समजतं.

अन् सगळ्यात शेवटी मी बुडाशी माझं नाव टाकायची. पूर्ण नाव. आडनावासकट.

बुढ्याला ते पटलं नाही. "लाटण्यावर खरादीवाल्याचं नाव पाह्यलं का कधी?"

"नाही पाह्यलं. अन् स्टीलचा डबा बिननावाचा पाह्यला का कधी तुम्ही?"

तसा डबा आमच्याकडे नसतोच. लग्नात आलेला चमचा असो की पाण्याचा गुंड, भांडेवाला त्याच्यावर मशीननं करकर नाव टाकून देतो. देणाऱ्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, नवरदेवाचं नाव, 'सप्रेम भेट', तारीख, गाव. घरी माझ्याकडे एक वाटी आहे, तिच्यावर इतका मजकूर आहे की वरण संपेपर्यंत वाचून होत नाही. सगळ्यांची नावं येतात, फक्त ज्यानं घडवली त्याचं येत नाही. "तो कोठी गेला?" मी विचारलं. बुढा म्हणाला, "टाका बापा. तुमची वाटी, तुमचं नाव."

मला काय पाहिजे होतं ते सरळ सांगते. ऑफिसात माठ होता. माठावर सगळ्यांचा एक ग्लास होता. अन् खिडकीत माझा एक ग्लास होता, तो तिथं कोणी ठेवला, कधी ठेवला, कोणी कधी सांगितलं नाही. सगळे माझ्याशी गोड बोलायचे. माझ्या पोरीच्या लग्नाला आले, आइस्क्रीम खाल्लं, कागदाच्या कपातलं. ग्लास खिडकीतच राहिला. मीही छत्तीस वर्षं तो खिडकीतून उचलून पाणी प्यायले अन् त्याच्याबद्दल तोंडातून अवाक्षर काढलं नाही, याचा मला आजही संताप येतो, त्यांच्यापेक्षा माझाच जास्त. म्हणून माझं एकच मागणं होतं. माझी वाटी ज्याला पाहिजे त्यानं ती माझ्या नावासकट घरात न्यावी. दिसायला क्षुल्लक आहे. मला नव्हतं.

जामसांवलीला देवळाजवळ एक नारळ-प्रसादवाला माझ्या चार-सहा वाट्या ठेवायचा. त्यातली एक सौसरच्या एका बागवालीच्या हाती लागली. नवऱ्याच्या संत्र्याच्या बागा, दारात दोन गाड्या, अन् पोरीचं लग्न ठरलेलं. एक दिवस बुढ्याच्या टिनाच्या खोलीसमोर पांढरी गाडी थांबली. बाई उतरल्या, मागून त्यांची पोरगी उतरली. बुढा घाबरून उभा राहिला, त्याला वाटलं कोणी अधिकारी आला.

"ताई, तुम्हीच का ह्या वाट्या करता? किती सुरेख वो! हात आहे का काय आहे तुमचा!" असं म्हणत बाईंनी हातातली वाटी उलटी केली अन् माझ्याकडे पाहिलं. वाचलेलं होतंच, आता माणसाशी जुळवून पाहिलं. "अच्छा अच्छा," ती म्हणाली.

तिला एक्कावन्न पाहिजे होत्या. लग्नात जवळच्या बायकांना कुंकवाच्या वाट्या वाटायच्या. स्टीलचं सगळेच देतात, हे काहीतरी वेगळं. पोरीला पिवळ्या आवडल्या म्हणून चाळीस हळदूच्या अन् अकरा बिजाच्या ठरल्या, लग्नाला अजून सहा महिने होते.

"फक्त एक, ताई. हे खाली जे आहे ना..."

"ते नाव आहे."

"हाव, पण पाहुणे वाचतात ना."

"वाचाले लिहिलं, वहिनी. नाही तर मी चित्र काढलं असतं."

पोरगी खुदकन हसली. बाईंनी तिच्याकडे पाहिलं तशी ती गाडीकडे पाहायला लागली. मग बाई म्हणाल्या, ठीक आहे, बुडाशीच तर आहे, कोण एवढं उलटं करून पाहते. मी मनात म्हटलं, तू पाहिलं ना. पण मी खूश होते. खोटं काहून बोलू? घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, एक्कावन्न देवघरांत माझं नाव जाणार. तो निवृत्त मास्तर, विहाराच्या कमिटीत. म्हणाला, "आपण देव सोडले अन् तू आता देवघरात चालली."

पाच महिने मी दुसरं काही केलं नाही. जाड वाट्या उतरवल्या, पोत्यात घातल्या, वाळल्या, पुन्हा लावल्या, घोटल्या. एकेक वाटी गालाला लावून पाहिली. गालाला खरखर लागली की पुन्हा खरादीवर. लग्नाच्या महिनाभर आधी मी खोका नेऊन दिला. बाईंनी मला व्हरांड्यात खुर्ची दिली, चहा दिला, कागदाच्या कपात. त्या घरी त्या दिवशी सगळ्यांनाच कागदाचा कप होता की मलाच, हे मी पाहिलं नाही. पाहायचंच नाही असं ठरवून गेले होते.

दहा दिवसांनी तीच पांढरी गाडी पुन्हा आली, मायलेकी दोघी उतरल्या. तोच खोका खाली आदळला.

"हे काय दिलं तू?"

ताईची 'तू' झाली होती. मी खोका उघडला. वाट्या तडकल्या होत्या. काही कडेपासून बुडापर्यंत, काहींचा गोल जाऊन अंडं झालेलं. हळदूचा पिवळा रंग मेला होता, वर तपकिरी डाग.

"ओलं लाकूड दिलं तू. विश्वासानं काम दिलं अन् तू आमाले ओलं लाकूड दिलं. वीस दिवसांवर लग्न आहे माझ्या पोरीचं."

पहिल्यांदा मला तिचं खरंच वाटलं. हे मी कबूल करते. पहिल्यांदा मनात हेच आलं की आपल्याला येत नाही, आपलं हे कामच नव्हतं, उगाच नाव टाकून मिरवलं. तोंड गरम झालं. बुढा बसल्या जागी एक वाटी उचलून पाहत होता अन् मला त्याच्याकडे पाहायची लाज वाटत होती.

मग मीही एक उचलली. तपकिरी डाग अंगठ्यानं घासला. हा डाग हळदूचा नाही. हळदू तडकला तरी तपकिरी होत नाही. तपकिरी रंग बिजाचा. बिजा पाण्यात टाकला की रंग सोडतो, म्हणून तर शुगरवाले त्याचं पाणी पितात. अन् बिजाचा रंग हळदूवर चढायचा तर दोघं एकाच पाण्यात पडले पाहिजेत. एक-दोन तास नाही. चांगलं मुरेपर्यंत.

"वहिनी, ह्या पाण्यात ठेवल्या होत्या का?"

"पाण्यात कायले ठेवू मी? लाकडाची वस्तू पाण्यात ठेवते का कोणी?"

तेवढ्यात बुढ्यानं वाटी नाकाला लावली. लांब श्वास घेतला. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "गाय घरची आहे का विकतचं आणलं?"

बाईंचा गळ्यातल्या पोतीवर हात गेला. मीही वास घेतला. गोमूत्र. बरोबर हळदीचा, तुळशीचा काहीतरी वास. मला कळलं, पण मला ते तिच्या तोंडून पाहिजे होतं. बोलली मात्र पोरगी. "आई, सांग ना आता. आजीनं सांगितलं म्हणून टपात टाकल्या होत्या, काकू. तीन दिवस. मंग गच्चीवर वाळू घातल्या."

एप्रिल महिन्यात, सौसरच्या गच्चीवर! तीन दिवस भिजवून! लोखंडही तडकलं असतं.

"काहून टाकल्या होत्या?" मी विचारलं.

"नवीन वस्तू आली की आमी करतोच," बाई म्हणाल्या. "शुद्ध करतो. कोणाचीही असो. त्याच्यात काही मनात धरू नको."

"अस्सं. मंग नवा फ्रिज आला तेव्हा टप केवढा आणला होता?"

"म्हणजे?"

"नाही, विचारून राहिली. मिक्सर बुडवला असन ना तीन दिवस? अन् ही गाडी? ही तर कोण्या कोण्या लोकांनी मिळून बनवली असन, काही पत्ता नाही. ही कशात बुडवली?"

बुढा खोकायला लागला. त्याला खोकला नव्हता. बाईंचा चेहरा लालबुंद झाला, पण वीस दिवसांवर लग्न होतं अन् पत्रिकेसोबत 'लाकडी वाट्या देणार' ही बातमी गावभर गेलेली होती. म्हणून बाईंनी आवाज खाली आणला, अन् मी पुन्हा ताई झाले.

"ताई, झालं ते झालं. पुन्हा करून द्या. पण एक ऐका माझं. ह्या वेळी बुडाशी नाव नका टाकू. त्या नावामुळंच झालं ना हे सगळं! सासूबाईंनी वाचलं नसतं तर आमाले काहीच करा लागलं नसतं. तुमच्या वाट्याही वाचल्या असत्या."

मी आयुष्यात पुष्कळ अर्ज वाचले, पण असा मुद्दा वाचला नाही. म्हणजे वाट्या त्यांनी भिजवल्या, त्यांनी वाळवल्या, अन् तडकल्या माझ्या नावामुळं. हातात तडकलेली वाटी होती. फेकून मारावी असं खूप वाटलं. मी मोठ्या मुश्किलीनं ती खोक्यात ठेवली अन् म्हटलं, "करते. बुडाशी नाव टाकणार नाही."

गाडी गेल्यावर बुढा माझ्यावर खेकसला. "नाही म्हणाले काय झालं होतं? तोंड तर चांगलं चाललं तोवर!" घरी नवऱ्यानंही तेच म्हटलं, फक्त मास्तरी भाषेत, स्वाभिमान वगैरे.  माझ्या पोत्यात पुढच्या वर्षासाठी कधीच्या वाळत घातलेल्या हळदूच्या जाड वाट्या होत्या, साठेक; ह्या वेळी सगळ्या हळदूच्याच करायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी खरादीवर होते.

दोन आठवडे मी रागानं काम केलं, अन् रागानं हात बिघडतो म्हणतात ते माझ्या बाबतीत तरी खोटं निघालं. इतक्या नेटक्या वाट्या माझ्या हातून आधी झाल्या नव्हत्या. बूड कोरं ठेवलं. आधी सगळ्या वाटीला भरपूर तेल पाजलं, आत-बाहेर, दोनदा, तीनदा, म्हणजे वरून काही सांडलं तरी पुसलं जाईल. तेल मुरल्यावर मी खिळ्याला धार लावून बारीक पटाशी केली अन् वाटीच्या आत, तळाला, जिथं कुंकू बसतं तिथं, माझं नाव कोरलं. तेलानंतर कोरलं म्हणून अक्षरांत लाकूड कोरडं राहिलं, जे पडेल ते पिणारं. बुढ्यानं पहिली वाटी पाहिली. बराच वेळ पाहिली. मग म्हणाला, "आडनावाचं शेवटचं अक्षर उथळ आहे. खोल घ्या." तीन वर्षांत पहिल्यांदा त्याला माझ्यासमोर हसताना पाहिलं.

मग मी बाजारातून कुंकू आणलं. चांगलं, बारीक दळलेलं. आमच्या घरात कुंकवाची थैली आलेली पाहून नवऱ्यानं पेपर खाली ठेवला.

"हे काय चाललं तुझं? आपल्या घरात कुंकू?"

"मी लावून नाही राहिली. पॅकिंग करून राहिली."

एक्कावन्न वाट्या काठोकाठ भरल्या, वरून प्लास्टिकची पन्नी घातली, लाल धाग्यानं बांधली. घर, हात, नवऱ्याचा पेपर, सगळं लाल झालं. तो दिवसभर पुटपुटत होता, पण धाग्याच्या गाठी त्यानंच मारल्या.

सौसरला खोका घेऊन गेले तेव्हा बाईंनी आधी एक वाटी उचलून उलटी केली. कोरं बूड पाहून चेहरा खुलला. दुसरी उलटी केली, तिसरी केली. मग भरलेल्या कुंकवाकडे लक्ष गेलं.

"हे भरून आणलं तुम्ही?"

"रिकामी वाटी देऊ नये म्हणतात ना, वहिनी. लग्नाघरी तर बिलकुलच नाही."

बाईंचे डोळे भरून आले. खरंच आले, मी खोटं सांगत नाही. "बघा," त्या सासूला म्हणाल्या, "त्यांनाही आपल्या रीती कळतात!" सासूनं लांबून मान हलवली. मीही हात जोडले. टपाचा प्रश्नच आता मिटला होता. लग्न पाच दिवसांवर असताना भरलेल्या कुंकवाच्या एक्कावन्न वाट्या कोणती बाई ओतून रिकाम्या करेल? कुंकू सांडणं म्हणजे केवढा अपशकुन! त्या माऊलीनं एकेक वाटी बाळासारखी उचलून कपाटात ठेवली, कुंकवाचा कणही सांडू दिला नाही.

लग्नाला आम्ही गेलो. नवरा येत नव्हता, मी नेला. मांडवाच्या तोंडाशी त्यांच्या घरची एक बाई प्रत्येकीच्या हातात वाटी देत होती. माझ्या कपाळाकडे पाहून ती क्षणभर थबकली, मग मलाही एक दिली. माझीच वाटी, माझंच कुंकू, मला सप्रेम भेट. मी दोन्ही हातांनी घेतली. जेवणात संत्र्याची बर्फी होती, ती मी तीन वेळा मागून खाल्ली.

मग मी वाट पाहिली. कुंकू रोज चिमूटभर जातं. दोन महिने, तीन महिने. दार वाजलं की मला वाटायचं, आली. काय बोलायचं तेही मी तयार करून ठेवलं होतं, म्हणजे, बुडाशी नाही टाकलं वहिनी, तुम्ही बुडाशी नको म्हणालात, आतलं तुम्ही काही बोलला नाहीत. रोज भाजी चिरताना मी हे भांडण भांडायची अन् रोज जिंकायची. कोणी आलंच नाही.

चौथ्या महिन्यात फोन आला. बाईंचा नाही, पोरीचा, सासरहून.

"काकू, तुमचं नाव सापडलं."

"कोठी?" मी भोळेपणानं विचारलं.

"कोठी काय! वाटीत. आईच्या वाटीत दिसलं, लग्नानंतर महिन्याभरातच, आल्या-गेल्या बायांना कुंकू लावून लावून. आईनं धुतलं, नारळाच्या शेंडीनं घासलं, लिंबू लावून पाह्यलं. ते तर जास्तच लाल झालं."

"मंग? फेकली?"

"लग्नातली कुंकवाची वाटी कोण फेकन, काकू? तिनं पुन्हा काठोकाठ भरून देवघरात ठेवली. आता कमी होऊच देत नाही. रोज वरून टाकते." पोरीला हसू फुटलं. "अन् त्याच दिवशी तिनं सगळ्या बायांना फोन लावले. म्हणे, आमच्या गुरुजींनी सांगितलं, ही वाटी कधी तळाले जाऊ द्यायची नाही. तळ दिसला की सौभाग्याले धोका असते. रामाकोना गावची माझी मावशी तर रोज सकाळी पयले वाटी भरते, मंग चूल पेटवते. सगळ्याच भरतात, काकू. अजून एकीलेही तळ दिसला नाही."

मी पण हसले. फोनवर दोघी खूप हसलो. पोरीनं विचारलं, राग तर नाही ना आला? मी म्हटलं, छे, राग कायचा. मग फोन ठेवला अन् भिंतीला पाठ लावून बसले, अन् मला रडू फुटलं. नवरा धावत आला, काय झालं, काय झालं म्हणून. काय सांगू त्याला? पन्नास घरांत पन्नास बाया रोज सकाळी अंघोळ करून, डोक्यावर पदर घेऊन माझ्या नावावर कुंकू वाहत आहेत. वाचा एवढंच मी म्हटलं होतं. पूजा करा असं मी कोणाला म्हटलं नव्हतं.